ऐकू येत नाही पण लायसन्स हवंय: फॉर्मपासून गाडीवरच्या स्टिकरपर्यंत

"बहिऱ्याला कोण लायसन्स देणार?" हे वाक्य माझ्या धाकट्या भावाने आजवर किती जणांच्या ओठांवर वाचलंय त्याची मोजदादच नाही. तो जन्मापासून पूर्ण कर्णबधिर, साइन लँग्वेजवाला. मी त्याच्याहून मोठी, दोन्ही कानांत मशीन लावणारी, मशीन असलं की बऱ्यापैकी ऐकू येतं, काढलं की मिक्सर चालू आहे की बंद तेही कळत नाही. आम्हा दोघांकडेही पक्कं लायसन्स आहे, दोघांनीही कुणाला न फसवता काढलंय, आणि त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच जणांच्या फायली मी स्वतः बसून भरल्यात. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हे महाराष्ट्रातल्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण कायदा केंद्राचा असल्याने बाकी राज्यांतही गाडी साधारण याच रुळावरून जाते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ऐकू येत नाही हे लपवायचं नाही. एजंट सांगेल "मॅडम काही लिहू नका, गप टिक करा, कोण बघतंय", शेजारचे काका सांगतील, सख्खा मामा सांगेल. ऐकू नका त्यांचं (या एका बाबतीत आपल्याला ते जमायला हरकत नाही). मोटार वाहन कायद्याचं कलम १९ वाचा, खोटी माहिती देऊन किंवा फसवून मिळवलेलं लायसन्स रद्द करायचा अधिकार त्यात सरळ दिलाय. उद्या कुणी मागून येऊन ठोकलं, चूक शंभर टक्के त्याची, तरी समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की यांनी फॉर्मवर काय लिहिलं होतं. खरं लिहून, टेस्ट देऊन मिळवलेलं लायसन्स असलं की त्या प्रश्नाला दातच उरत नाहीत.

कायदा नक्की काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात "कर्णबधिरांना लायसन्स नाही" असं वाक्य कुठेही नाही. कलम ८ मध्ये एवढंच आहे की अर्जदाराला असा आजार किंवा अपंगत्व असेल की ज्यामुळे त्याने गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, तर लायसन्स नाकारावं. आता न ऐकू येणं म्हणजे धोका, हे वर्षानुवर्षं खिडकीवरच्या लोकांनी आपल्या मनानेच ठरवलेलं होतं. नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ ही संघटना यावर दिल्ली हायकोर्टात गेली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये कोर्टाने सांगितलं की नुसतं कर्णबधिर आहे म्हणून अर्ज दारातूनच परत पाठवता येणार नाही, माणसाची टेस्ट घ्या, पास झाला तर लायसन्स द्या. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने एम्सच्या तज्ज्ञांचं मत घेऊन राज्यांना कळवलं, त्याचं सार हे की गाडी चालवणं हे मुख्यतः डोळ्यांचं काम आहे, कानाचा वाटा त्यात थोडा.

या दोन गोष्टींची झेरॉक्स फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. मी गंमत करत नाहीये. खिडकीवरचा माणूस वाईट नसतो हो, त्याला फक्त माहिती नसते, आणि आपल्याकडे कागद बघितला की माणसाचा आवाज जरा खाली येतो.

कागद कुठले लागतात

नेहमीचे तर लागतातच, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, आधार, फोटो. बिनगिअरची ५० सीसीच्या आतली गाडी १६ व्या वर्षी, बाकी टू-व्हीलर आणि कार १८ पूर्ण झाल्यावर, हे सगळ्यांना सारखंच.

आपले जादाचे कागद दोन. पहिला ऑडिओग्राम. कानाच्या डॉक्टरकडे किंवा ऑडिओलॉजिस्टकडे बंद खोलीत हेडफोन लावून जी टेस्ट करतात ना, बीप ऐकू आलं की बटण दाबायचं, तिचा आलेख. जुना दहावीत असतानाचा चालवू नका, ताजा काढा, आणि मशीन वापरत असाल तर मशीन घालून किती ऐकू येतं तोही आकडा डॉक्टरकडून लिहून घ्या, हे लोक हमखास विसरतात आणि मग परत फेरी. दुसरा कागद दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि नेमून दिलेल्या सरकारी दवाखान्यात, बहुतेक जिल्ह्यांत सिव्हिलला, तपासणीला जायचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त तोटा असेल तर "बधिर" आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर "ऐकायला कमी येणारे" अशी विभागणी आहे. लायसन्ससाठी हे कार्ड असलंच पाहिजे असं नाही, पण असलं की तुम्ही कोण आहात हे खिडकीवर तोंडाने समजावत बसावं लागत नाही. मुंबईत राहत असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था कानाच्या तपासणीसाठी सगळ्यांना माहीत असलेली जागा आहे.

फॉर्म १, आणि त्यातला तो एक प्रश्न

हा भाग नीट वाचा, निम्मे अर्ज इथेच फसतात.

लर्निंगच्या अर्जासोबत शारीरिक तंदुरुस्तीचं स्वतःचं घोषणापत्र असतं, त्याला फॉर्म १ म्हणतात. त्यात फिट येतात का, २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट ओळखता येते का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न असतात. त्यातच एक कानाचा प्रश्न. साध्या मराठीत सांगायचं तर, "नेहमीचा आवाजाचा इशारा ऐकूच येणार नाही इतके तुम्ही बहिरे आहात का?" आणि मध्येच कंसात, हलकं मोटार वाहन असेल तर मशीन लावून किंवा न लावता.

प्रश्न उलटा आहे, लक्षात आलं का? "हो" म्हणजे ऐकू येत नाही आणि "नाही" म्हणजे ऐकू येतं. नंबर प्लेटच्या प्रश्नाला "हो" हे चांगलं उत्तर आणि इथे "नाही" हे चांगलं. माझ्या एका मैत्रिणीने मशीन लावून व्यवस्थित हॉर्न ऐकू येत असताना "हो, मला ऐकू येतं" अशा अर्थाने "हो" टिक केलं आणि मग ते निस्तरायला तीन चकरा मारल्या.

तर असं करा. मशीन किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) लावून तुम्हाला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत असेल, तर कारसाठी तुमचं खरं उत्तर "नाही" हे आहे, त्यात काही लपवाछपवी नाही, कंसातले शब्द त्यासाठीच आहेत. मी हेच लिहिलं आणि सोबत मशीनसहितचा ऑडिओग्राम जोडला. एक बारकावा मात्र आहे, तो कंस फक्त हलक्या मोटार वाहनाबद्दल बोलतो, टू-व्हीलरचं नाव त्यात नाही. म्हणून टू-व्हीलर आणि कार दोन्हीचा अर्ज एकत्र करत असाल तर मशीन वापरतो हे वेगळ्या साध्या कागदावर लिहून सही करून जोडून टाका.

भावासारखं अजिबात ऐकू येत नसेल तर उत्तर "हो". सरळ "हो". आणि सोबत ऑडिओग्राम, दिव्यांग कार्ड, कोर्टाचा निकाल, २०१६ चं पत्र.

वय ४० च्या वर असेल किंवा व्यावसायिक वाहनाचं लायसन्स हवं असेल तर फॉर्म १-ए पण लागतो, तो डॉक्टरने भरायचा. त्यातही कानाचा तसाच प्रश्न आहे. त्यासाठी तुमचे कान ओळखणाऱ्या डॉक्टरकडे जा, आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस तोंडाकडे न बघताच सही ठोकतो आणि ती सही उद्या तुमच्याच अंगावर येते. व्यावसायिक लायसन्सचा रस्ता आपल्यासाठी जास्त चढाचा आहे, तो इथे घेत नाही. आधी स्वतःची गाडी चालवा.

वाहनाचा प्रकार निवडताना

सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, अर्ज भरताना वाहनाचे प्रकार निवडायचे असतात: बिनगिअरची मोटरसायकल, गिअरची मोटरसायकल, एलएमव्ही म्हणजे कार. त्याच यादीत अपंगांसाठी बदल करून घेतलेल्या वाहनाचाही प्रकार असतो, पूर्वी त्याला इनव्हॅलिड कॅरेज म्हणायचे. दिव्यांग कार्ड दिसलं की सायबर कॅफेवाला किंवा एजंट पटकन तोच निवडतो. करू देऊ नका! तो ज्यांच्या गाडीत हाताचा ब्रेक, जादा चाकं असे बदल केलेत त्यांच्यासाठी आहे. तुमचे हातपाय ठणठणीत आहेत, तुम्ही साधी गाडी चालवणार, आणि लायसन्सवर भलताच प्रकार छापून आला की साध्या कारसाठी ते लायसन्स उपयोगाचं नाही. सबमिट करण्याआधी स्क्रीनवर बोट ठेवून वाचा. आणि हो, दिव्यांग कार्डावर कार स्वस्त मिळते असं कुणी सांगितलं तर ती सवलत अस्थिव्यंग असलेल्यांसाठी काढलेली, आपल्यासाठी नाही, शोरूममध्ये जाऊन उगाच वाद घालू नका.

फी केंद्राच्या नियमात अशी आहे: लर्निंगला एका प्रकाराचे १५० रुपये आणि त्याच्या टेस्टचे ५०, पुढे पक्क्याच्या ट्रायलचे ३०० आणि लायसन्सचे २००. वर थोडेफार किरकोळ चार्जेस. एजंट दहापट सांगतो ते तो स्वतःचे सांगतो.

लर्निंगची टेस्ट

आधार असेल तर घरी बसून देता येते, महाराष्ट्रात ही सोय जून २०२१ पासून आहे. तरी पूर्ण कर्णबधिर असाल तर माझं मत, आरटीओत जाऊन द्या. कानाचा मुद्दा निघणारच आहे तर तो पहिल्याच दिवशी समोरासमोर निघालेला बरा, एक महिना गाडी शिकल्यावर ट्रायलच्या दिवशी निघण्यापेक्षा.

टेस्ट कॉम्प्युटरवर असते, चिन्हं आणि नियमांचे प्रश्न, मराठीत देता येते. आता हे फारसं कुणी बोलत नाही पण बोललं पाहिजे, ज्यांची पहिली भाषा साइन लँग्वेज आहे त्यांना छापील मराठी जड जाते. भावाला चिन्हं सगळी पाठ होती पण "ओव्हरटेक करण्यास मनाई" आणि "ओव्हरटेक करू नये असे नाही" असल्या शब्दांच्या जिलब्यांत तो अडकायचा. आम्ही काय केलं, चिन्हांचा तक्ता प्रिंट काढून फ्रिजवर लावला, आणि प्रत्येक चिन्हाखाली त्याने स्वतः साइन लँग्वेजमधली खूण काय ते रेखाटलं, आणि मग पोर्टलवरच्या सराव टेस्ट रोज दोन. "मनाई", "बंधनकारक", "सक्ती", "प्राधान्य" हे चार शब्द वेगळे घोटून घेतले. पहिल्या फटक्यात पास.

"इथे होत नाही" म्हणाले तर

आमचं झालंच तसं. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. खिडकीवरच्या बाईंनी फाइल उघडली, वरचा कागद बघितला, माझ्याकडे बघून (भावाकडे नाही, माझ्याकडे) म्हणाल्या, "यांना ऐकू येत नाही ना, मग नाही होणार." मी म्हटलं ठीक आहे मॅडम, तसं लेखी द्या. त्या म्हणाल्या लेखी कशाला. मी म्हटलं, कलम १७ प्रमाणे लायसन्स नाकारायचं तर कारणासकट लेखी आदेश द्यावा लागतो, तो मिळाला की ३० दिवसांत अपील करता येतं, म्हणून. आवाज चढवला नाही, हसत म्हटलं, पण भाऊ मागे वही काढून तारीख आणि वेळ लिहीत उभा होता ते त्यांना दिसत होतं. त्या आत गेल्या, दहा मिनिटांनी बाहेर आल्या आणि फाइल घेतली. बस्स एवढंच. पुढे आमच्याशी नीट वागल्या, उलट स्लॉट कधीचा घ्या तेही सांगितलं.

तर वाक्य पाठ करा: "नाकारत असाल तर लेखी द्या." स्वतः बोलू शकत नसाल तर कागदावर ठळक लिहून न्या आणि खिडकीतून आत सरकवा. त्यावरही अडले तर वरच्या अधिकाऱ्यांना अर्ज, आणि राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात बसतात, त्यांच्याकडे तक्रार करता येते. बहुतेक वेळा तिथवर जायची वेळ येत नाही.

गाडी शिकताना

लर्निंग सहा महिने चालतं आणि काढल्यापासून ३० दिवस झाले की पक्क्याची ट्रायल देता येते. मधला महिना खरा कामाचा.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला पहिल्याच दिवशी एक नियम सांगा, गाडी चालू असताना बोलायचं नाही. हे विचित्र वाटतं पण यातच सगळं आहे. आपल्याला सवय असते समोरच्याच्या तोंडाकडे बघायची, मास्तर बोलले की मान आपोआप डावीकडे वळते आणि रस्ता सुटतो. माझंही झालं हे, मशीन असूनही, कर्वे रोडला एका रिक्षाच्या मागे इतकी जवळ गेले की मास्तरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून वाचले. त्या दिवसापासून आम्ही खुणा ठरवल्या: डॅशबोर्डवर माझ्या नजरेच्या कडेला दिसेल असं बोट, डावीकडे, उजवीकडे, तळहात खाली म्हणजे हळू, मूठ म्हणजे थांब. समजावून सांगायचं असेल तर गाडी बाजूला, हँडब्रेक, मग बोला काय ते.

गिअर. ऐकू येणाऱ्यांना शिकवतात "इंजिनचा आवाज बदलला की गिअर टाका". आपल्याला तो आवाज पायाला आणि हाताला येतो. भाऊ सांगतो की क्लच पकडायला लागला की त्याच्या डाव्या पायाच्या तळव्याला आधी कळतं, आणि सीटमधून पाठीला. जाड तळव्याचे बूट घालून शिकू नका, पातळ चप्पलही नको, पातळ तळव्याचे बूट घ्या. गाडीला आरपीएमचा काटा असेल तर सुरुवातीला त्याच्याकडे बघत गिअर बदला, महिन्याभरात काटा लागत नाही.

इंडिकेटरची टिकटिक आपल्याला नाही, त्यामुळे वळून झाल्यावर तो तसाच चालू राहतो आणि मागचा बिचारा गोंधळतो, तेव्हा वळणानंतर डॅशवरचा हिरवा बाण बघायची सवय लावा. रिव्हर्स सेन्सरचं बीपही आपल्या उपयोगाचं नाही, पैसे घालायचे तर कॅमेऱ्यात घाला. बाजूच्या आरशांवर चिकटवायचे छोटे फुगीर गोल आरसे मिळतात, शंभर-दोनशे रुपयांत, ते दोन्ही बाजूंना लावा, ही आजवरची माझी सगळ्यात स्वस्त आणि कामाची खरेदी.

आरशाचं गणित असं ठेवा की दर पाच-सात सेकंदांनी मधला आरसा, आणि लेन बदलायच्या आधी तिन्ही. अँब्युलन्सचा सायरन ऐकू येणार नाही, पण लाल-निळा दिवा आरशात दिसतो, आणि त्याच्याही आधी दिसतं ते म्हणजे पुढच्या-मागच्या गाड्या उगाचच डावीकडे सरकायला लागतात. सगळे सरकतायत आणि कारण कळत नाहीये? आपणही सरका, कारण मागून येतंय. वाट न देण्याला केंद्राच्या कायद्यात १० हजारांचा दंड आहे आणि ऐकू आलं नाही हे कारण तिथे कामाला येत नाही.

घाट हा वेगळाच विषय. आपल्याकडे ताम्हिणीत म्हणा, आंबेनळीत म्हणा, वळणावर "हॉर्न वाजवा" असे बोर्ड असतात, म्हणजे समोरचा हॉर्न वाजवून येतो आणि समजतो की आपण ऐकलंय. आपण नाही ऐकलेलं. म्हणून आंधळ्या वळणावर डावी कड सोडायची नाही, दिवसासुद्धा हेडलाइट चालू, वळणाच्या आधी एकदा डिपर, स्वतःचा हॉर्नही वाजवायचा (आपल्याला ऐकू येत नसला तरी समोरच्याला येतो, भाऊ हे पहिले सहा महिने विसरायचा), आणि चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. पहिलं वर्षभर रात्रीचा घाट टाळा, धुक्याचा तर टाळाच.

मशीनवाल्यांसाठी टू-व्हीलरचं एक. कानामागचं मशीन आणि हेल्मेट यांचं जमत नाही, हेल्मेट घालताना मशीन निसटतं किंवा शिट्टी मारायला लागतं. हेल्मेटच्या दोन्ही बाजू हातांनी ओढून रुंद करून सरळ वरून घाला, आणि विकत घेतानाच मशीन लावून घालून बघा, आत कानाला खोलगट जागा असलेलं घ्या. वाऱ्याचा आवाज मशीनमध्ये इतका घुसतो की ४०-५० च्या पुढे मला तरी टू-व्हीलरवर मशीन असून नसून सारखंच, तेव्हा मशीनच्या भरवशावर आरसा सोडू नका.

ट्रायलचा दिवस

टू-व्हीलरला आठ काढायचा, पाय खाली टेकवायचा नाही. कारची ट्रायल गावागावात वेगळी, पुण्यात भोसरीला आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचा खास ट्रॅक आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी मोकळं मैदान आणि शेजारी इन्स्पेक्टर.

लवकर पोचा आणि गाडीत बसायच्या आधी इन्स्पेक्टर साहेबांना कागद दाखवा. आमचा कागद असा होता: "नमस्कार सर. मला ऐकू येत नाही. गाडी चालू असताना मी तुमच्या तोंडाकडे बघू शकणार नाही. कृपया सूचना आधी सांगा किंवा हाताने दाखवा." आणि खाली चार खुणांची चित्रं. साहेब आधी हसले, मग स्वतःच मूठ वळून "थांब?" असं विचारून घेतलं. साइन लँग्वेजचा दुभाषी किंवा घरचं माणूस सोबत असेल तर ते ट्रॅकच्या बाहेर किंवा त्यांनी परवानगी दिली तर मागच्या सीटवर, पण गाडी चालू असताना त्याच्याकडेही बघायचं नाही.

नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते, तीनदा नापास झालात तर मग ६० दिवस थांबावं लागतं. भाऊ एकदा नापास झाला, कानामुळे नाही, रिव्हर्समध्ये खांब पाडला म्हणून. आईला तर आनंदच झाला, म्हणाली "बघ, सगळ्यांसारखाच नापास झालास."

स्टिकर, कार्ड, आणि बाकी देशांत काय करतात

लायसन्स हातात आलं की पहिलं काम, नाव, जन्मतारीख आणि वाहनाचा प्रकार तपासा. मग गाडीवर खूण. मागच्या काचेवर, डाव्या बाजूला खाली, कानावर तिरकी रेघ असलेलं चिन्ह आणि मराठीत "चालकाला ऐकू येत नाही". नुसतं चिन्ह कुणाला कळत नाही, शब्द हवेतच. आपल्याकडे लोक हॉर्न वाजवून उत्तर मिळालं नाही की पिसाळतात, स्टिकर असला की निदान दहातले पाच तरी वाजवायचं सोडून डिपर देतात, उरलेले पाच वाचतच नाहीत त्याला इलाज नाही. भाऊ आधी लावायला तयार नव्हता, "सगळ्यांना कशाला सांगायचं" म्हणून. एकदा सिग्नलला एक माणूस काचेवर थापा मारून गेला आणि त्याच संध्याकाळी भावाने स्वतः स्टिकर आणला.

जपानमध्ये ही खूण सरकारी आहे. तिथे २००८ च्या आधी १० मीटरवरून ९० डेसिबलचा हॉर्न ऐकू आला तरच लायसन्स मिळायचं, जून २००८ पासून अजिबात न ऐकू येणाऱ्यांनाही कारचं मिळायला लागलं, मोठा आरसा आणि गाडीवर हिरव्या गोलातलं पिवळं फुलपाखरू लावायच्या अटीवर. अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळं, पण तिथल्या मराठी मंडळींसाठी सांगते, टेक्सासमध्ये डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं की पोलिसांशी बोलण्यात अडचण येते अशी नोंद लायसन्सवरच करून मिळते, ती ऐच्छिक आहे, करून घ्या.

आपल्याकडे ते काम खिशातल्या कार्डाने करायचं. लायसन्सच्या आकाराचं, लॅमिनेट केलेलं, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी: "मला ऐकू येत नाही. कृपया लिहून सांगा." ट्रॅफिक पोलिसाने थांबवलं की गाडी बाजूला, काच खाली, इंजिन बंद, आतला दिवा चालू (रात्री हे महत्त्वाचं, अंधारात ना ओठ दिसतात ना खुणा) आणि बाकी काही करायच्या आधी ते कार्ड पुढे. लायसन्स नंतर. उलट क्रम केला की तोवर ते चार प्रश्न विचारून झालेले असतात आणि तुम्ही उत्तर दिलं नाही म्हणजे माजलाय असा समज झालेला असतो. गाडीत वही आणि पेन कायम ठेवा. फोनवर बोललेलं मराठीत टाइप करून दाखवणारी ॲप आहेत ती टाकून ठेवा, पण रस्त्याच्या गोंगाटात ती काहीच्या काही लिहितात, वहीच खरी. अडचणीच्या वेळेसाठी ११२ चं ॲपही फोनमध्ये असू द्या, बोलून फोन करणं आपल्याला जमत नाही.

मशीनवाल्यांनी गाडीच्या कप्प्यात जादा बॅटरीचं पान ठेवायचं, बंद डबीत, उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर नाही. आणि जून ते सप्टेंबर मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत.

रिन्यूअलचं तेवढं लक्षात ठेवा. तिशीच्या आत लायसन्स काढलं की ते चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासमध्ये काढलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठीपर्यंत, पंचावन्ननंतर पाच-पाच. यंदा माझा नंबर लागला आणि आता फॉर्म १-ए सकट. माझ्या कानाच्या डॉक्टरांनी तो फॉर्म वाचला, तो उलटा प्रश्न दोनदा वाचला, आणि पेन हातात धरून मलाच विचारलं, "इथे हो लिहायचं का नाही?"